तीन नंबरची टाकी

सकाळी सव्वाआठला, कारखान्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला असताना, मोहिद्दीन शिकलगारच्या मोबाइलवर एक कागद आला, आणि त्या कागदात मोहिद्दीन आधीच जाऊन बसलेला होता. ‘प्रशिक्षक : श्री. एम. एच. शिकलगार, प्रयोगशाळा प्रमुख.’ विषय, ‘दाट स्टार्चद्रावणाजवळ काम करताना घ्यावयाची खबरदारी.’ तारीख गेल्या खंडेनवमीची. खाली एकेचाळीस कामगारांच्या सह्या, त्यातली सतरावी टाकीवरच्या धुळाची, म्हणजे एक ‘धु’ आणि त्याच्यापुढं लांबलचक रेघ, जणू नाव पुरं करायला माणूस कागदाबाहेर निघून गेला. सगळ्यात खाली एक रिकामी जागा होती आणि तिथं बारीक बाण काढून कुणीतरी लिहिलं होतं, ‘सर इथे’. बस मलकापूर सोडून हायवेला लागली होती. मोहिद्दीननं कागद दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. किती मोठा केला तरी तोच होता. मागोमाग उत्पादन व्यवस्थापक सयाजीरावांचा निरोप आला : ‘भाई, तीन वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार. तेवढी सही राहिलीय. अर्जंट.’ आणि पुढं जोडलेले दोन हात. हे हात सयाजीराव सगळ्यालाच जोडत. वाढदिवसाला, दहाव्याला, आणि जादा पाळीच्या नोटिशीलासुद्धा.

आता, खंडेनवमीला त्या कारखान्यात यंत्र चालत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मका दळायच्या चक्कीपासून गेटवरच्या वजनकाट्यापर्यंत सगळ्याला झेंडूच्या माळा पडतात, बॉयलरला हळदकुंकू लागतं, मोहिद्दीनच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांनाही कुणीतरी हौसेनं टिळा लावतं आणि तो पुसायला पुढचे दोन दिवस जातात. कामगार इस्त्रीचे कपडे घालून येतात, नारळ फुटतो, आणि प्रत्येकाला मिठाईचा एक बॉक्स मिळतो. बॉक्स घेताना सही करायची. सहीचा कागद कोरा असतो, म्हणजे वर मथळा नसतो. फक्त आकडे आणि रेघा. बॉक्स हातात असताना मथळा कोण वाचतो? पेढ्याला मथळा लागत नाही. हा रिवाज मोहिद्दीन बावीस वर्षं बघत होता आणि स्वतःही त्याच कागदावर सही करून पेढे घरी नेत होता. घरी त्याची बायको अख्तरबी बॉक्स उघडून म्हणायची, “औंदा बी बारकाच हाय की वं.” यंदा त्या कागदाला मथळा फुटला होता. एकेचाळीस माणसांनी पेढे पोचल्याची सही केली आणि चार महिन्यांनी त्यांना कळलं की ते शिकले. खरं तर कळलंही नव्हतं. ज्याला कळायला हवं होतं तो धुळा मिरजेच्या दवाखान्यात पाय टांगून पडला होता, आणि त्याची शिकवणी घेणारा माणूस बसमध्ये बसून आपण काय शिकवलं ते आठवत होता.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी झाली होती, आणि हरामखोरी तिच्यात होती. मालकांचा मुलगा राजवर्धन, परदेशात शिकून आलेला, त्याच्या पाहुण्यांसाठी मोहिद्दीननं अंगणात एक गंमत मांडली होती. पोरांना डुंबायला मिळतो तसला रबरी हौद, त्यात मक्याचं सत्त्व, म्हणजे कारखान्यात बनतो तोच स्टार्च, आणि पाणी, इतकं दाट की पळी उभी राहील असं वाटावं आणि राहू नये. ‘यावर पळा,’ मोहिद्दीन म्हणाला होता, आणि पाहुण्यांची पोरं त्या पांढऱ्या पाण्यावरून खरंच पळत गेली, फरशीवरून जावं तशी. मग राजवर्धन पांढऱ्या कुर्त्यात पळाला. मध्येच हसायला थांबला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. केवढ्या टाळ्या! व्हिडिओ झाले. कामगार दोरीच्या पलीकडं, मिठाईच्या रांगेत. त्यातला एकच जण दोरीच्या आत होता, धुळा, कारण पहाटेपासून ते सत्त्व हातानं कालवत त्यानं आणलं होतं. राजवर्धनचा पाय त्यानंच सोडवला, ओढून नव्हे, घोट्याभोवती बोट घालून, गोल, गोल, हळूहळू, जसा गाईच्या पायातला दोर सोडवावा. “दम खावा मालक,” धुळा म्हणाला होता, “ह्याला घाई चालत न्हाई.” तेवढं एक वाक्य त्या दिवशी त्या विषयावर बोललं गेलं होतं, आणि ते कागदावर नव्हतं.

मक्याच्या सत्त्वाचा दाणा म्हणजे केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. पाण्यात असे दाणे विरळ असले तर ते पाण्याच्या मर्जीनं वाहतात. दाटी झाली, म्हणजे पाण्यापेक्षा दाण्यांनीच जास्त जागा धरायला सुरुवात केली, की ते वाहतात की नाही हे तुम्ही त्यांच्याशी कसं वागता त्यावर ठरतं. हळू ढकला, दाणा दाण्याला वाट देतो, मधल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यावरून सरकतो. दणका द्या, पापुद्रा फाटतो, दाणा दाण्याला घासतो, त्याला तिसरा टेकतो, तिसऱ्याला दहावा, आणि डोळा मिटायच्या आत टाकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दाण्यांची साखळी उभी राहते. पाणी भिंत होतं. जोर काढून घेतला की साखळी मोडते, भिंत परत पाणी होते. हे मोहिद्दीन कोल्हापूरला एम.एस्सी. करताना शिकला होता आणि त्याला ते इतकं आवडलं होतं की वसतिगृहातल्या खोलीत तो वाटीत सत्त्व घेऊन बसे आणि बोटानं टोचत राही. बाप शिकलगार, ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावणारा. त्याला एकदा सुटीत वाटी दाखवली. बापानं बोट बुडवलं, चटकन् काढू गेला, बोट धरलं गेलं. बाप हसला नाही. बोट पुन्हा बुडवलं, या खेपेला सावकाश काढलं आणि म्हणाला, “ह्येच्यात इमान हाय. जसं वागशील तसं वागंल.”

अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी दुपारी, लाईट गेली. गुरुवारी ती जातेच. ढवळणी बंद पडली आणि तीन नंबरच्या टाकीतलं सत्त्व खाली बसलं, तळाशी दाट, वर नितळ पाणी. लाईट आल्यावर पंप लावला तर पंप नुसता कण्हायला लागला. सयाजीराव म्हणाले, वेग वाढवा. वाढवला. पंप जास्त कण्हला. सयाजीरावांचा जोरावर विश्वास होता. त्यांचे दोन भाऊ फौजेत, स्वतः भरतीत छातीत अर्ध्या इंचानं राहिलेले, आणि तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट अर्ध्या इंचाच्या जोरानं अडलीय असं त्यांना वाटे. “धुळा, उतर रं,” ते म्हणाले, “पाच मिंटाचं काम हाय. फावड्यानं तोंड मोकळं कर.” धुळा शिडीनं उतरला. तळाच्या थरावर पाय ठेवला आणि उभा राहिला, आणि उभं राहिल्यामुळं मांडीपर्यंत गेला. मग वरून पट्टा टाकला, काखेतून घेतला, साखळीच्या कप्पीला लावला आणि सहा माणसांनी ओढलं. “वडा! जोरात वडा!” सयाजीराव ओरडत होते, स्वतः साखळीला लोंबकळत होते, त्यांच्या तळव्याची कातडी निघाली होती. जितकं ओढलं तितकं तीन नंबरच्या टाकीनं धुळाला धरलं. वरचा अर्धा धुळा कप्पीबरोबर निघाला आणि खालचा टाकीबरोबर राहिला. मधला कमरेचा सांधा कुणाच्याच बाजूचा नव्हता, तो सुटला. डावा गुडघाही गेला. मग दमून सगळ्यांनी साखळी सोडली, कुणीतरी पाण्याचा पाइप आत सोडला, आणि धुळा आपसूक वर आला, लोण्यातून केस यावा तसा.

हे सगळं कारखान्यानं केलेल्या चौकशीच्या अहवालात एका वाक्यात होतं. ‘प्रशिक्षण देऊनही सदर कामगार परवानगीशिवाय टाकीत उतरला व घाबरून हिसके दिल्याने त्यास इजा झाली.’ हिसके दिले! मोहिद्दीन खिडकीबाहेर बघत होता आणि त्याच्या कानशिलात ते एक क्रियापद ठणकत होतं. हिसके कुणी दिले? सहा माणसं, एक कप्पी, एक व्यवस्थापक. ज्याच्या मांड्या दगडात चिणल्या होत्या त्यानं हिसके द्यायचे कसे? आणि ‘परवानगीशिवाय’. सयाजीरावांनी दिलेला हुकूम परवानगीत धरत नाहीत वाटतं. त्या प्रशिक्षणाच्या कागदावर प्रशिक्षकाची सही पडली की हे वाक्य खरं आणि चूक धुळाची ठरणार होती. दवाखाना त्याचा त्यानं बघायचा, कामावरून नाव कमी, आणि आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं फिरायलासुद्धा तो पाय आता उपयोगाचा नाही. सही नाही पडली तर अहवाल लंगडा. एवढं सगळं त्या ‘सर इथे’च्या बाणावर टेकलं होतं. मोहिद्दीनला शब्द सुचत होते, एकाहून एक. बसमध्ये तो फार सुंदर बोलत असे, मनातल्या मनात. ‘सयाजीराव, तुमच्या पेढ्यांना शास्त्र चिकटवू नका.’ ‘राजवर्धन, तुमचा पाय ज्यानं सोडवला त्याचा तुम्ही गळा दाबताय.’ कासेगाव गेलं, पेठनाका आला. शेजारी बसलेला स्टोअरचा क्लार्क घोरत होता. मोहिद्दीनच्या ओठांवरून अशी भाषणं वाहत होती की कुणी ऐकलं असतं तर त्याला निवडणुकीला उभं केलं असतं.

आणि त्याला माहीत होतं की तीन वाजता यातलं एकही वाक्य निघणार नाही. ही त्याची जुनी तऱ्हा. चौथीत गुरुजींनी एकदम वळून बोट रोखलं, “शिकलगार, साता सत्ते?” आणि त्याला एकोणपन्नास दिसत होते, फळ्यावर लिहिल्यासारखे, पण तोंड मिटलेलं. गुरुजींनी जितक्या मोठ्यानं विचारलं तितकं ते जास्त मिटलं. सगळ्यात कहर झाला निकाहात. काझीसाहेबांनी विचारलं, “कबूल?” आणि नवरदेव दगड. दुसऱ्यांदा विचारलं, दगड. सासरे विट्याचे, करारी माणूस, त्यांचा चेहरा पडला. मागं बायकांत कुजबुज की पोराचं दुसरीकडं कुठं आहे. मामा पाठीत ढोसत होता, “अरे बोल की गाढवा!” आणि प्रत्येक ढोसण्यासरशी मोहिद्दीन आणखी दगड होत होता. मग म्हातारे काझी शांतपणे पाणी प्यायले, यंदा विट्याकडं द्राक्षं कशी आहेत असं सासऱ्यांना विचारलं, थोडा वेळ द्राक्षांवर बोलणं झालं, आणि तितक्याच सहज ते वळून म्हणाले, “मग बेटा, कबूल?” “कबूल,” मोहिद्दीन म्हणाला, आणि तीनदा म्हणायचं ते पाचदा म्हणाला. अख्तरबी अजून सांगते. परवाही बोलली, “आवं, तुमाला कुनी ढकललं की तुमी भित्ताड हुताय. आन् मग चार दिसांनी घरात बोलताय. घरात बोलून कुनाचं भलं झालंय?” भाकरी तव्यावर टाकून, पाठमोरी. तिच्या या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला अजून चार दिवस झाले नव्हते.

कारखान्यात पोचल्यावर त्यानं नेहमीसारखं पांढरा कोट घातला आणि घट्टपणा मोजायचं यंत्र सुरू केलं. द्रावणात एक फिरकी बुडते, ठरल्या वेगानं फिरते आणि तिला किती अडलं ते आकड्यात येतं. सावकाश फिरवली तर एक आकडा. पाचपट वेगानं फिरवली तर दुसराच, कितीतरी चढा. रोजच्या छापील तक्त्यात मात्र ‘घट्टपणा’ हा रकाना एकच. वेग लिहायला जागा नाही. बावीस वर्षं मोहिद्दीन त्यात सावकाश वेगाचा आकडा भरत आला होता, कारण तक्ता पहिल्यांदा छापणाऱ्यानं तसं ठरवलं आणि तो माणूस आता वारला होता. दुसरा रकाना द्या म्हणून त्यानं दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी वरून उत्तर आलं, ‘आकडे वाढले की प्रश्न वाढतात.’ दुसऱ्या वेळी उत्तर आलं नाही, ते जास्त प्रामाणिक होतं. गिऱ्हाइकांच्या गिरण्यांतून तक्रारी यायच्या, तुमचा माल पंपात अडतो, आणि इथून तक्ता जायचा, आमचा माल पातळ आहे, हा बघा आकडा. दोन्ही खरं होतं. अपघाताच्या दिवशीही तक्त्यात तीन नंबरच्या टाकीसमोर मोहिद्दीनच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सामान्य’.

साडेअकराला राजवर्धननं बोलावलं. तो मोहिद्दीनला काका म्हणायचा; परदेशातून येताना त्यानं बऱ्याच गोष्टी सोडल्या होत्या पण हे नातं टिकवलं होतं. “काका, बसा ना. चहा? हे बघा, धुळासाठी मलाही वाईट वाटतं. मी स्वतः त्याला फळं पाठवली. पण यात तुमचं काय जातंय? तुम्ही तर दाखवलं होतंच की, त्या दिवशी. मीच पडलो त्यात!” तो मोकळेपणानं हसला. “धुळा समोर उभा होता. म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणजे प्रशिक्षण झालं. टेक्निकली.” मोहिद्दीननं चहाचा कप उचलला. त्याच्या डोक्यात साखळी उभी राहू लागली होती, एक दाणा, त्याला टेकलेला दुसरा. “मग आपण हो धरू?” राजवर्धन म्हणाला. मोहिद्दीन कपाकडं बघत राहिला. “छान,” राजवर्धन म्हणाला. कारखान्यात न बोलणाऱ्याचा होकार धरायचा ही पद्धत फार सोयीची होती; पगारवाढीच्या बोलणीतही ती वापरत.

तो संतापातच बाहेर आला. धुळाला माहीत होतं म्हणून धुळा दोषी! वा रे वा. ज्याला माहीत होतं त्याचं कंबरडं मोडलं आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी ते मोडलं, आणि गुन्हा माहीत असण्याचा. मग माहीत असणारा आणखी एक होता त्याचं काय? इथवर आला की विचार थांबायचा. अकरा दिवस तो इथंच थांबत होता. मोहिद्दीन कुठूनही निघाला, पेढ्यांवरून निघाला, रकान्यावरून निघाला, सयाजीरावांच्या अर्ध्या इंचावरून निघाला, की जरा रागाच्या उतारावरून गडगडत इथं यायचा आणि दणकन् आपटायचा. राग खरा होता, त्यात खोट नव्हती. पण त्या रागाला सारखी धाव लागत होती. जरा थांबला की तो पायाखालून गुडघ्यापर्यंत आत घ्यायचा.

कालच, रविवारी, तो मिरजेला गेला होता. सामान्य वॉर्ड, फिनेलचा वास, खिडकीत कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल. धुळाची बायको चंद्राबाई कॉटच्या कडेला बसून केळं सोलत होती, राजवर्धनची फळं. “या सर,” ती उठली आणि तिनं स्टूल पदरानं पुसलं, हे पुसणं त्याला सगळ्यात जास्त लागलं. धुळा वाळला होता, पण डोळे तेच, मिश्कील. “काय सर, टाकी कशी हाय? माझ्याबिगर ढवळत्यात व्हय कुनी?” मग दोघं थोडा वेळ टाकीविषयी बोलले, ओळखीच्या नाठाळ जनावराविषयी बोलावं तसे. पायाचं विचारायचं मोहिद्दीनच्या मनात होतं, ते निघालं नाही. धुळाच म्हणाला, “मी खालून वरडत हुतो सर. हळू, हळू म्हून. दम खावा, सोडा साखळी. पर वर दंगा लय. खालचं वर ऐकू गेलं न्हाई.” चंद्राबाई म्हणाली, “ह्यांचं कोन ऐकतंय. घरात बी न्हाई ऐकत कोन.” धुळा हसला आणि त्यानं मोहिद्दीनच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमी बी वरनं वरडत असचाल. मला दिसत हुता की तुमी, कठड्यापशी, पांढरा कोट. मनलं, सर हायत, सर सांगत्याल. पर वरचं बी खाली ऐकू येत न्हाई बगा टाकीत.”

मोहिद्दीन कठड्याशी उभा होता. सयाजीरावांनी हाक मारून त्याला बोलावलं होतं, ‘भाई, बघा काय ते’, आणि तो आला तेव्हा साखळी ताणली गेली होती. त्याला सगळं दिसलं. एका क्षणात, एकोणपन्नास दिसावेत तसं. टाकीच्या भिंतीपासून धुळाच्या मांडीपर्यंत आणि मांडीपासून समोरच्या भिंतीपर्यंत उभी राहिलेली साखळी त्याला दिसली, लोखंडी कप्पीपेक्षा जास्त स्पष्ट. सोडा, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण सयाजीराव ओरडत होते, सहा माणसं हेल काढत होती, कुणीतरी “सर काय करू, सर काय करू” म्हणून त्याचा कोट ओढत होता, आणि त्याच्या गळ्यात भिंत उभी राहिली. किती वेळ? ते त्यानं नंतर अनेकदा मोजून पाहिलं, घरात, बसमध्ये, मोरीत तोंड धुताना. एकदा ‘वडा’ म्हणायला लागतो तेवढा वेळ, असे बावीस-तेवीस. त्यातल्या कुठल्या ‘वडा’ला सांधा सुटला ते त्याला माहीत होतं. अठराव्या. म्हणजे सतरा मोकळे होते. कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सयाजीरावांना तो तिथं होता हे आठवतही नसेल. आणि ज्यानं पाहिलं होतं त्यानं त्याच्या नावावर एक आरोळी जमा धरली होती, आपल्या मनानं, चांगुलपणानं. रविवारी मोहिद्दीननं “न्हाई रे धुळा” म्हणायला तोंड उघडलं होतं. चंद्राबाईनं तेवढ्यात त्याच्या हातात सोललेलं केळं दिलं. ते त्यानं खाल्लं.

तीन वाजता कारखाना निरीक्षक आले. पन्नाशीचे, सफारीतले, सकाळपासून साताऱ्याकडची दोन ठिकाणं करून आलेले. त्यांना पुढं पाचगणीला मुलीच्या शाळेत पालकसभेला पोचायचं होतं आणि हे त्यांनी खुर्चीत बसण्याआधी दोनदा सांगितलं. टेबलावर कागद मांडलेले. राजवर्धन, सयाजीराव, आणि मध्ये मोहिद्दीन. “तुम्ही प्रशिक्षक?” निरीक्षकांनी विचारलं. मोहिद्दीननं त्यांच्याकडं पाहिलं. “तेच की,” सयाजीराव म्हणाले, “लय हुशार माणूस, साहेब. भाई, करा तेवढी.” पेन पुढं आलं. मोहिद्दीननं ते घेतलं. हात कागदावर गेला आणि बाणाच्या टोकाशी थांबला. “करा ना,” निरीक्षक घड्याळ बघत म्हणाले. हात तसाच. “काका?” राजवर्धन म्हणाला. “अवो भाई, नाव बी इसरला का काय!” सयाजीराव हसले, मग हसायचे थांबले, मग खुर्ची सरकवून त्याच्या खांद्याशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “उगं येळ लावू नका गड्या. करा म्हंतो नव्हं मी.” प्रत्येक शब्दासरशी मोहिद्दीनचा हात जड होत होता. तो नाही म्हणत नव्हता. नाही म्हणाला असता तर त्यांच्यापाशी त्याची तजवीज असणारच. समजावणी, धमकी, बदली. पण समोरचा माणूस नुसता बसून होता, पेन टेकवून, पापणी न लववता, आणि याच्यासाठी कारखान्यात कुठलाच छापील नमुना नव्हता. “बरं वाटत नाहीये का त्यांना?” निरीक्षक म्हणाले. “साहेब, सही म्हणजे एक...” “एक मिनिट.” “भाई!” “काका, प्लीज.” चौदा मिनिटं गेली. कागदावर पेनच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका वाढत गेला, मुगाएवढा.

याला धैर्य म्हणायची सोय नव्हती, हे मोहिद्दीनला त्या चौदा मिनिटांतही समजत होतं. चौथीत, मांडवात आणि कठड्याशी जे झालं तेच आत्ता होत होतं, तीच माती, तोच गुण. त्या दिवशी यानंच धुळाचा सांधा सुटू दिला होता आणि आज योगायोगानं यानंच अहवाल अडवला होता. गुणाला काय, तो दोन्हीकडं सारखाच इमानदार. उद्या लोक म्हणतील, भाईंनी सही नाकारली, काय माणूस! आणि धुळा मिरजेत मान हलवेल, मी म्हनलं नव्हतं? त्याला एकदम सगळ्यांचा संताप आला, सयाजीरावांचा, राजवर्धनचा, त्या बाणाचा, आणि सगळ्यात जास्त कठड्याशी उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटाचा, जो फुकटात दुसऱ्यांदा वाचायला निघाला होता.

शेवटी निरीक्षक कंटाळून उठले. “मी जरा हातपाय धुऊन येतो. चहा सांगा कुणीतरी.” राजवर्धनला फोन आला, तो बोलत बाहेर गेला. सयाजीराव खिडकीशी गेले, तंबाखू काढली, चुना लावला आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, “माझं हात अजून भरलं न्हाईत, भाई. रातचं आग हुतीय.” त्यात काही मागणं नव्हतं. बाहेर मक्याचा ट्रक वजनकाट्यावर चढला आणि उतरला. मोहिद्दीननं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यानं पानाच्या मध्याखाली पेन टेकवलं आणि त्याच सुबक अक्षरात, तक्ता भरावा तसं, लिहायला लागला. खोडाखोड झाली नाही. मग हात वर नेऊन वरच्या जागेतही लिहिलं, आणि खाली सही केली, पूर्ण नावानं.

निरीक्षक रुमालानं मान पुसत आले. उभ्यानंच वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं. “हं. ‘असे कोणतेही प्रशिक्षण झाले नाही. सह्या मिठाईच्या आहेत. कामगार सांगितल्यावरून टाकीत उतरला.’ ठीक. हे मला घ्यावं लागेल.” सयाजीरावांची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. निरीक्षकांनी चष्मा काढला. त्यांची घाई कुठंतरी उतरली होती. “पण शिकलगार, हे खालचं कशाला? ‘ओढू नये हे मला माहीत होते. मी जवळ उभा होतो. कामगार हळू म्हणून ओरडत होता. मी काहीही बोललो नाही.’ अहो, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. याला माझ्याकडं कलमसुद्धा नाही. उलट हे लोक उद्या हेच धरून तुमच्यावर ढकलतील सगळं, आणि तो कामगार वाचेल तेव्हा काय म्हणेल? वरचं राहू द्या. खालच्या चार ओळी खोडा आणि बाजूला सही करा.”

“खालच्याच आधी लिहिल्यात, साहेब,” मोहिद्दीन म्हणाला. “वरच्या, जागा उरली म्हणून.”